टाकी, तार की बॅटरी?

१९०० साली अमेरिकेत सुमारे चार हजार मोटारी तयार झाल्या. त्यांत सर्वांत जास्त वाफेवरच्या होत्या, त्यांच्या खालोखाल विजेवरच्या. पेट्रोलवरच्या सर्वांत कमी, पुरत्या हजारही नव्हत्या. आदल्याच वर्षी कामीय जेनात्झी या बेल्जियन चालकाने ताशी शंभर किलोमीटरचा वेग इतिहासात पहिल्यांदा ओलांडला, तोही विजेच्या गाडीतून. विजेची गाडी धूर सोडत नव्हती, तिला गिअरची कटकट नव्हती आणि हँडल मारून ती सुरू करावी लागत नव्हती. पेट्रोलची गाडी खडखडायची, वास मारायची आणि हँडल उलटं फिरलं तर चालवणाऱ्याचं मनगट मोडायची. तरीही पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत रस्ते पेट्रोलने जिंकले आणि विजेची गाडी जवळपास दिसेनाशी झाली.

याची कारणं इतिहासात सापडतात. १९०१ मध्ये टेक्सासात स्पिंडलटॉपची प्रचंड तेलविहीर लागली आणि तेल स्वस्त झालं. १९०८ मध्ये हेन्री फोर्डची मॉडेल टी आली. १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर बसला आणि हँडल मारण्याचा त्रास संपला. म्हणजे विजेच्या गाडीवर शेवटचा घाव घातला तो एका छोट्या विजेच्या मोटरनेच! पण या सगळ्याच्या मुळाशी एक साधी अडचण होती. विजेची मोटर तेव्हाही इंजिनापेक्षा सरस होती, पण तिला पुरेशी वीज बरोबर नेता येत नव्हती.

वाहन कशावर चालावं हा वाद आज पुन्हा रंगला आहे. पेट्रोल, डिझेल, सीएनजी, इथेनॉल, हायब्रिड, बॅटरी, हायड्रोजन अशी नावं रोज कानावर पडतात आणि गिऱ्हाईक गोंधळतं. या सगळ्यांना एकाच प्रश्नाची कसोटी लावली, तर चित्र बरंच स्पष्ट होतं: गाडी आपली ऊर्जा कशात साठवते, आणि त्यातली किती चाकापर्यंत पोहोचते?

लिटर आणि युनिट

तुलना करायची तर माप एक हवं. वीजबिलातलं युनिट सगळ्यांना माहीत आहे, तेच घेऊ. एक लिटर पेट्रोल पूर्ण जळलं की साधारण नऊ युनिटांइतकी ऊर्जा बाहेर पडते. चाळीस लिटरची टाकी फुल्ल केली, की जेमतेम तीस किलो वजनात आपण ३६० युनिटं घेऊन निघतो. मध्यमवर्गीय घराला ती दोन-तीन महिने पुरावीत.

त्यातली चाकापर्यंत किती पोहोचतात? शहराच्या रहदारीत पाचवा ते चौथा हिस्सा. बाकीची ऊर्जा सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून उष्णता होऊन निघून जाते, काही घर्षणात संपते. म्हणजे ३६० पैकी ७० ते ९० युनिटंच कामी येतात. हिशेबासाठी ८० धरू.

बॅटरीच्या गाडीत चार्ज झालेल्या विजेतली ८५ टक्क्यांच्या आसपास चाकाला मिळते. चाकाला ८० युनिटं हवी असतील, तर बॅटरी ९५ युनिटांची लागेल. आजच्या लिथियम-आयन बॅटरीचा पूर्ण पॅक किलोमागे साधारण ०.१५ युनिट साठवतो. तेव्हा वजन झालं सहाशे किलोंच्या वर. तीस किलोच्या पेट्रोलसमोर सहाशे किलो! हाच हिशेब १९०० सालच्या शिसे-आम्लाच्या बॅटरीने मांडला, तर आकडा अडीच टनांच्या पुढे जातो. जेनात्झीची गाडी विक्रम करू शकली, पण लांबचा पल्ला गाठू शकली नसती, ती यामुळे.

पेट्रोल इतकं हलकं कसं पडतं, याचं उत्तर गमतीचं आहे. ज्वलनाला लागणारं अर्ध्याहून जास्त सामान गाडी बरोबर नेतच नाही. एक किलो पेट्रोल जाळायला साडेतीन किलो ऑक्सिजन लागतो आणि तो वाटेत हवेतून फुकट मिळतो. म्हणूनच पाऊण किलो वजनाच्या एका लिटरमधून २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पेट्रोलमधल्या कार्बनला वाटेतला ऑक्सिजन चिकटतो आणि वजन तिपटीने वाढतं. बॅटरीला ही सवलत नाही. तिच्यातल्या रासायनिक क्रियेला लागणारं सगळं द्रव्य तिच्या पोटातच असतं आणि ते पहिल्या किलोमीटरपासून शेवटच्यापर्यंत वाहून न्यावं लागतं.

दुसरा फरक भरण्याच्या वेगाचा. पंपावरची नळी मिनिटाला तीस लिटर सोडते असं धरलं, तर मिनिटाला २७० युनिटं टाकीत उतरतात. हमरस्त्यावरचा ६० किलोवॅटचा जलद चार्जर मिनिटाला भरतो एक युनिट. इंजिन तीन-चतुर्थांश ऊर्जा वाया घालवतं हे वजा केलं, तरी तफावत प्रचंड उरते. शिवाय ही नळी गावोगाव पोहोचलेली आहे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये कार्ल बेन्झची पत्नी बर्था दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मानहाइमहून फोर्ट्सहाइमला मोटारीने निघाली, तेव्हा वाटेत तिला इंधन एका औषधाच्या दुकानातून विकत घ्यावं लागलं. तिथपासून आजच्या पंपांच्या जाळ्यापर्यंत सव्वाशेहून अधिक वर्षं गेली. कोणत्याही नव्या तंत्राला या तयार व्यवस्थेशी सामना करावा लागतो.

ठिणगी आणि दाब

निकोलाउस ऑटोने १८७६ मध्ये बनवलेल्या चार स्ट्रोकच्या इंजिनाचं मूळ तत्त्व आजही बदललेलं नाही. पिस्टन खाली येताना हवा आणि इंधनाचं मिश्रण आत ओढतो, वर जाताना ते दाबतो, स्पार्क प्लगची ठिणगी ते पेटवते, फुगलेला वायू पिस्टनला खाली ढकलतो आणि पुढच्या फेरीत धूर बाहेर जातो. चारपैकी एकच स्ट्रोक कामाचा, बाकीचे तीन त्याची तयारी आणि आवराआवर. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये हा स्फोट सेकंदाला पंचवीस वेळा होतो.

मिश्रण जितकं जास्त दाबावं, तितकं काम जास्त मिळतं. पण पेट्रोलचं मिश्रण फार दाबलं, तर ते ठिणगीची वाट न पाहता कुठूनही पेट घेतं आणि इंजिन ठोके मारू लागतं. हे थांबवायला १९२० च्या दशकात पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळण्याची टूम निघाली आणि निम्मं शतक साऱ्या जगाने ते शिसं श्वासातून आत घेतलं. भारतात शिसेमिश्रित पेट्रोल पूर्णपणे बंद व्हायला २००० साल उजाडलं.

रुडॉल्फ डिझेलने या अडचणीलाच कामाला जुंपलं. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं टोक तापतं, कारण दाबलेली हवा गरम होते. डिझेलने सिलिंडरमध्ये नुसती हवा घेतली आणि ती पंधरा-वीस पटींनी दाबली. तिचं तापमान पाचशे अंशांच्या पुढे गेलं, की त्यात इंधनाचा फवारा मारायचा. ठिणगीची गरजच उरत नाही. १८९७ मध्ये आउग्सबुर्ग इथे त्याच्या इंजिनाची अधिकृत चाचणी झाली, तेव्हा इंधनातल्या ऊर्जेपैकी सुमारे २६ टक्क्यांचं काम झालं. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांच्या कितीतरी पुढचा हा आकडा होता. आज चांगल्या ट्रकचं इंजिन ४५ टक्क्यांच्या जवळ जातं आणि जहाजांवरची अवाढव्य डिझेल इंजिनं पन्नाशी ओलांडतात. मालवाहतूक, ट्रॅक्टर आणि विहिरीवरचे पंप डिझेलवर विसंबले, ते यामुळे.

मर्यादा मात्र कुणालाच चुकत नाही. उष्णतेचं काम करून घेणाऱ्या प्रत्येक यंत्राला काही उष्णता टाकून द्यावीच लागते, हे सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ मध्येच दाखवून दिलं होतं. इंजिन कितीही सुधारलं, तरी ही पट्टी ओलांडता येत नाही.

इंजिनाची आणखी एक खोड आहे. ते शून्य फेऱ्यांवर जोर देऊ शकत नाही. सिग्नलला गाडी उभी असतानाही ते फिरत ठेवावं लागतं, म्हणून क्लच आला. ठरावीक फेऱ्यांतच ते जोमात असतं, म्हणून गिअर आले. आपण ज्याला गाडी चालवण्याचं कसब म्हणतो, त्याचा बराचसा भाग इंजिनाच्या या उणिवा सांभाळण्यात जातो.

धुराचा हिशेब

गेल्या पन्नास वर्षांत इंजिनांमध्ये जे बदल झाले, ते जोर वाढवण्यापेक्षा धूर कमी करण्यासाठी जास्त झाले. आपल्या रिक्षा आणि स्कूटर दीर्घकाळ टू-स्ट्रोक होत्या. प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट, भाग कमी, किंमत कमी, दुरुस्ती कोपऱ्यावरच्या गॅरेजात. पण त्यात आत येणारं ताजं मिश्रण जळण्याआधीच काही प्रमाणात बाहेर निसटतं आणि वंगणाचं ऑइलही पेट्रोलबरोबर जळतं. चौकाचौकांतला तो निळसर धूर याचाच होता. प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि ही इंजिनं रस्त्यावरून मागे पडत गेली.

डिझेलचं दुखणं वेगळं. त्यात काजळी होते आणि ज्वलन फार तापलं, की हवेतला नायट्रोजनही जळून त्याची घातक ऑक्साइडं होतात. एक कमी करायला जावं तर दुसरं वाढतं. जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीने चाचणीच्या वेळीच धूर कमी दाखवणारी संगणकीय क्लृप्ती गाड्यांत बसवली होती, हे सप्टेंबर २०१५ मध्ये उघड झालं आणि छोट्या डिझेल मोटारींची पत कायमची घसरली. भारताने १ एप्रिल २०२० पासून धुराच्या नियमांत बीएस-४ वरून थेट बीएस-६ वर उडी घेतली. काजळी अडवणारी गाळणी आली आणि अनेक गाड्यांत युरियाचं द्रावण फवारून नायट्रोजनची ऑक्साइडं निष्प्रभ करणारी यंत्रणाही आली. धूर खूप कमी झाला, पण किंमत वाढली. लहान मोटारींतून डिझेल गेलं, त्यामागे हे गणित आहे.

इंजिन तेच, इंधन निराळं

इंजिन न बदलता इंधन बदलायचे दोन मार्ग आपल्याकडे रुळले आहेत. पहिला सीएनजी. तो म्हणजे मुख्यतः मिथेन. त्यात कार्बनचं प्रमाण कमी, म्हणून तेवढ्याच ऊर्जेमागे कार्बन डायऑक्साइड पेट्रोलपेक्षा साधारण चौथ्या हिश्श्याने कमी आणि काजळी जवळजवळ नाहीच. पण तो वायू आहे, आणि इथे साठवणुकीचा प्रश्न पुन्हा आडवा येतो. हवेच्या दोनशे पट दाबाने सिलिंडरमध्ये कोंबला, तरी तेवढ्याच जागेतल्या पेट्रोलच्या सुमारे चौथाईइतकीच ऊर्जा त्यात मावते. मोटारीची अर्धी डिकी सिलिंडर खाऊन टाकतो, तो म्हणून. जुलै २०२४ मध्ये पुण्याच्या बजाज ऑटोने जगातली पहिली सीएनजी मोटरसायकल बाजारात आणली. तिच्यात दोन किलोचा सिलिंडर सीटखाली आडवा बसवला आहे आणि जोडीला दोन लिटर पेट्रोलची टाकी ठेवली आहे. त्या गाडीची खरी करामत इंजिनापेक्षा ही जागा शोधण्यात आहे.

दुसरा मार्ग इथेनॉलचा. ब्राझीलने १९७५ पासून उसाच्या इथेनॉलवर राष्ट्रीय कार्यक्रम राबवला. तिथल्या मोटारी आज पेट्रोल आणि इथेनॉल कोणत्याही प्रमाणात पचवतात. आपल्याकडे २० टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठलं गेलं. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांना त्याने उत्पन्नाचा नवा आधार दिला. इथेनॉल दाबाला चांगलं टिकतं, ठोके मारू देत नाही. पण लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते. २० टक्के मिश्रण म्हणजे लिटरमागे जवळपास सात टक्के ऊर्जा कमी. मिश्रणासाठी खास जुळवलेल्या इंजिनात यातला काही तोटा भरून निघतो. जुन्या गाडीचं ॲव्हरेज थोडं उतरल्याची तक्रार मात्र निराधार नाही. त्याहून मोठा प्रश्न शेताचा आहे. ऊस पाणी पितो, आणि आता इथेनॉलसाठी मका मोठ्या प्रमाणात वळवला जातो. पाणी, अन्न आणि इंधन यांची ही ओढाताण इंजिनाच्या बाहेर सोडवावी लागेल.

बरोबर न्यायचंच कशाला?

ऊर्जा बरोबर नेणं हीच अडचण असेल, तर ती न नेणं हा सर्वांत सरळ उपाय. रेल्वेने तो शंभर वर्षांपूर्वीच शोधला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी भारतातली पहिली विजेची गाडी धावली. १९३० मध्ये सुरू झालेल्या डेक्कन क्वीनने विजेच्याच बळावर बोरघाट चढायला सुरुवात केली. त्या घाटात चढ ३७ फुटांना एक फूट इतका तीव्र आहे आणि आजही तिथे गाड्यांना मागून जोर देणारी इंजिनं जोडावी लागतात.

विजेच्या मोटरचा स्वभाव अशा चढाला अगदी जुळणारा. चाक थांबलेलं असतानाच ती पूर्ण जोर लावू शकते. तिला क्लच नको, गिअरची रांग नको. तिच्या गुंडाळ्यांतून वीज गेली, की चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि ते आतल्या भागाला फिरवतं. दिलेल्या विजेपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त विजेचं हालचालीत रूपांतर होतं. शिवाय तीच मोटर उलटी वापरता येते. ब्रेक लावताना चाक मोटरला फिरवतं, मोटर वीज तयार करते आणि ती तारेत परत जाते. मुंबईच्या नव्या लोकल स्टेशनात थांबताना हेच करतात. इंजिनाच्या गाडीत मात्र ब्रेक लावला, की तेवढं इंधन उष्णता होऊन हवेत गेलं.

रेल्वेची डिझेल इंजिनंही बहुतेकांना वाटतं तशी चालत नाहीत. त्यांतलं डिझेल इंजिन चाकांना हात लावत नाही. ते जनित्र फिरवतं, आणि त्या विजेवर चाकांजवळच्या मोटरी चालतात. हजारो टनांची मालगाडी जागेवरून हलवायला लागणारा जोर क्लच आणि गिअरने देणं अवघड, म्हणून हा मार्ग.

रस्त्यावर तारेचा प्रयोग मुंबईने केला होता. १९०७ मध्ये विजेच्या ट्राम आल्या आणि १९६४ मध्ये त्या बंद झाल्या. १९६२ ते १९७१ या काळात बेस्टने ट्रॉलीबसही चालवल्या. रबरी टायर, डोक्यावर दोन तारा. तारेची मर्यादा सरळ आहे. ती जिथे जाते तिथेच गाडी जाते. पण ठरलेल्या मार्गावर, दाट वाहतुकीत, तिच्याइतकं काटकसरी काही नाही. लोकल आणि मेट्रो त्याची रोज साक्ष देतात.

दोघांचा संसार

हायब्रिड गाडी इंजिनाला मोटरची जोड देते. १९९७ मध्ये जपानात टोयोटाची प्रियस आली आणि ही कल्पना घराघरात पोहोचली. आजच्या अशा गाड्यांत बॅटरी असते एक-दोन युनिटांचीच, तिला बाहेरून चार्ज करावं लागत नाही. तिचं काम साठवणुकीपेक्षा सांभाळून घेण्याचं आहे. गाडी निघताना आणि रांगत्या रहदारीत मोटर पुढाकार घेते, कारण तिथे इंजिन सर्वांत उधळं असतं. मोकळ्या रस्त्यावर इंजिन त्याच्या सोयीच्या फेऱ्यांवर चालतं. ब्रेकमधून मिळणारी ऊर्जा बॅटरीत जाते. म्हणून ही गाडी हमरस्त्यापेक्षा शहरात जास्त फायदा दाखवते. इंधन वाचतं, पल्ल्याची चिंता नाही. किंमत मात्र दोन यंत्रणांची मोजावी लागते, आणि शेवटी चाकापर्यंत येणारं प्रत्येक युनिट पेट्रोलमधूनच आलेलं असतं.

बॅटरीने काय बदललं

विजेची गाडी शंभर वर्षांनी परत आली ती मोबाइल आणि लॅपटॉपच्या वाटेने. १९९१ मध्ये सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. लिथियम सर्वांत हलका धातू. चार्ज होताना त्याचे आयन एका टोकाकडून ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात, वापरताना उलट परततात आणि त्या प्रवासात बाहेरच्या तारेतून वीज वाहते. या कामासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. शिसे-आम्लाच्या बॅटरीच्या कैकपट ऊर्जा ती तेवढ्याच वजनात साठवते. किंमतही कोसळली. २०१० मध्ये एका युनिटच्या क्षमतेमागे हजार डॉलरच्या वर मोजावे लागत, २०२४ मध्ये जागतिक सरासरी ११५ डॉलरवर आली.

बॅटरीतही जाती आहेत. निकेल-मँगनीज-कोबाल्टची बॅटरी वजनाला हलकी, पण महाग आणि आगीला जास्त नाजूक. लोह-फॉस्फेटची थोडी जड, पण स्वस्त, टिकाऊ आणि उष्णतेला खंबीर. आपल्या उन्हाळ्यात दुसरीचं पारडं जड होतं. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात काही ई-स्कूटरींना आगी लागल्या आणि त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक झाले. एका सेलमधली उष्णता शेजारच्या सेलला पेटवत जाऊ नये, यासाठी पॅकची रचना, तापमानावर नजर ठेवणारं सर्किट आणि पाण्यापासून बचाव यांच्या चाचण्या आता अधिक काटेकोर होतात.

पुढचा शोध लिथियमला पर्याय देण्याचा आहे. सोडियम मिठातच आहे, कुठेही मिळतो. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या केपीआयटी कंपनीने आयसर पुणे या संस्थेच्या साथीने विकसित केलेलं सोडियम-आयन बॅटरीचं तंत्र जाहीर केलं. सोडियमची बॅटरी वजनाला जड पडते, त्यामुळे लांब पल्ल्याच्या मोटारींपेक्षा ती दुचाकी, तीनचाकी आणि घरच्या साठवणुकीला जास्त शोभेल. घन इलेक्ट्रोलाइट वापरणाऱ्या बॅटऱ्यांवर जगभर काम चालू आहे. त्या हलक्या आणि सुरक्षित असतील असं त्यांचं वचन आहे, पण ते सामान्य गिऱ्हाइकाच्या गाडीत अजून उतरलेलं नाही.

परावलंबित्वाचा प्रश्नही नवा आहे. बहुतेक ई-वाहनांच्या मोटरींत निओडिमियमची शक्तिशाली चुंबकं असतात. दुर्मिळ मृदा धातूंच्या शुद्धीकरणावर आणि चुंबकांच्या उत्पादनावर चीनची जवळजवळ मक्तेदारी आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने यांपैकी काहींच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन घातलं आणि भारतातल्या वाहन कारखान्यांना लगेच झळ बसली. चुंबकांशिवाय चालणाऱ्या मोटरी पूर्वीपासून आहेत. आता त्यांच्याकडे पुन्हा लक्ष वळलं आहे.

हायड्रोजनची जागा

हायड्रोजनचा एक किलो म्हणजे ३३ युनिटं, पेट्रोलच्या जवळजवळ तिप्पट. इंधनघटात तो हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि वीज तयार होते, मागे उरतं पाणी. विल्यम ग्रोव्ह यांनी हे तत्त्व १८३९ मध्येच मांडलं होतं. अपोलो यानांतली वीजही अशाच घटांतून येत होती. २०१४ मध्ये टोयोटाची मिराय आली. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात केपीआयटी आणि सीएसआयआर यांनी मिळून तयार केलेल्या हायड्रोजन बसचं उद्घाटन झालं.

पण हायड्रोजन सर्वांत हलका वायू असल्याने सर्वांत फुगीरही आहे. मिरायमध्ये तो हवेच्या सातशे पट दाबाने भरावा लागतो आणि पहिल्या मिरायमधल्या पाच किलो वायूसाठी टाक्यांचं वजन ८५ किलोंच्या वर जात होतं. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हायड्रोजन खाणीत सापडत नाही. तो आज मुख्यतः नैसर्गिक वायूपासून बनवतात आणि त्यात कार्बन डायऑक्साइड सुटतोच. विजेने पाणी फोडून बनवला, तर एका किलोला पन्नासहून जास्त युनिटं लागतात. मग तो दाबायचा, वाहून न्यायचा, घटात पुन्हा वीज करायची. शंभर युनिटांपैकी चाकापर्यंत तिसेक पोहोचतात. तीच वीज थेट बॅटरीत भरली, तर सत्तर-ऐंशी पोहोचतात. छोट्या मोटारीसाठी हा उलटा धंदा आहे. जिथे बॅटरीचं वजनच परवडत नाही, तिथे हायड्रोजनचा विचार गंभीरपणे करावा लागतो. चाळीस टनांचा ट्रक किलोमीटरला सव्वा ते दीड युनिट खातो. पाचशे किलोमीटरसाठी त्याला चार ते पाच टनांची बॅटरी न्यावी लागेल. तेवढा माल कमी न्यायचा की टाकीत हायड्रोजन भरायचा, हा तिथला प्रश्न आहे.

कोळशाच्या विजेचं काय?

आपली वीज मोठ्या प्रमाणावर कोळशावर होते, मग ई-वाहन स्वच्छ कसं, असा आक्षेप नेहमी येतो. आक्षेप योग्य आहे आणि त्याचं उत्तर आकड्यांतच द्यावं लागतं. भारतात एका युनिट विजेमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. छोटी ई-मोटार, चार्जिंगमधली गळती धरून, किलोमीटरला ०.१५ युनिट घेते. म्हणजे सुमारे १०५ ग्रॅम. लिटरला पंधरा किलोमीटर देणारी पेट्रोलची मोटार सोडते सुमारे १५० ग्रॅम. फरक आहे, पण डोळे दिपवणारा नाही. दुचाकीत तो प्रमाणाने मोठा होतो. लिटरला ४५ किलोमीटर देणारी स्कूटर सुमारे ५० ग्रॅम सोडते, तर ई-स्कूटरच्या वाट्याला येतात २५. बॅटरी बनवतानाचा कार्बन यात मिळवायला हवा, तसा तेल उपसण्या-गाळण्याचाही मिळवायला हवा. पेट्रोलची गाडी दहा वर्षांनी आजच्यापेक्षा जास्तच धूर सोडेल. ई-वाहनाचा वाटा मात्र सौर आणि पवन वीज वाढेल तसा आपोआप घटत जाईल. आणि भर चौकात, माणसांच्या नाकाशी सुटणारा धूर आजच थांबतो.

निवाडा

या साऱ्यातून एकच विजेता निघत नाही, आणि तो शोधण्यात अर्थही नाही. ठरलेला रूळ असेल तिथे तार. रोज ठरावीक अंतर, ठरावीक मुक्काम अशी दुचाकी, रिक्षा आणि शहरबस यांच्यासाठी बॅटरी. एसटीने १ जून २०२२ रोजी, आपल्या वर्धापनदिनी, पुणे-नगर याच आपल्या पहिल्या मार्गावर ‘शिवाई’ ही विजेची बस सोडली. ठरलेल्या थांब्यांमधल्या अशा फेऱ्या बॅटरीला मानवतात. रहदारीत अडकणाऱ्या आणि अधूनमधून लांब जाणाऱ्या मोटारीला हायब्रिड किंवा सीएनजी. लांब पल्ल्याचा अवजड माल मात्र आणखी काही वर्षं डिझेलवरच राहील.

गाडी घ्यायची असेल, तर जाहिरातीतल्या पल्ल्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहा: रोज किती किलोमीटर धावणार, रात्री गाडी उभी असते तिथे प्लग आहे का, आणि वर्षातून किती वेळा एका दमात दोनशे किलोमीटरच्या पुढे जाणार. पहिला आकडा पन्नासच्या आत, दुसऱ्याचं उत्तर होय आणि तिसऱ्याचं क्वचित असेल, तर बॅटरीची गाडी आज सरळ परवडते. तसं नसेल, तर घाईने ती घेऊ नका. आपल्या सोसायटीच्या सभेत मात्र चार्जिंग पॉइंटचा ठराव आत्ताच मांडा. पुढची गाडी कशावर चालेल, हे बऱ्याच अंशी त्या प्लगवर ठरणार आहे.